जोडपत्र

मात्शेदिसो मावशीनं मला सोबत नेलं
ते पाट्या वाचायला.
मासेरूत पाट्या फार, तिला अक्षर येत नाही,
आणि मी नुकतीच सातवीत गेलेली.

पहाटे तिनं नवऱ्याचं ब्लँकेट पांघरलं,
मक्याच्या कणसांच्या नक्षीचं,
तो गेल्यापासून पेटीतच असलेलं.
मग विहिरीवर जाऊन
दोर सोडून घेतला.

धरणासाठी डोंगरात बोगदा खणला
तेव्हापासून आमचं पाणी खाली खाली चाललंय,
आणि आम्ही दोर वाढवत चाललोय.
इथे गाईचं दावं.
इथे चर्चच्या घंटेची दोरी
(घंटा आता काठीनं वाजवतात).
इथे माझ्या आईची चादर, पीळ घालून.
एकोणीस गाठी.

बसमध्ये मी विचारलं, साहेब ओरडला तर?
म्हणाली, ओरडू दे. घसा त्याचा आहे.
मग बराच वेळ तिचे ओठ हलत होते.
मी कान लावला.
ती आकडे म्हणत होती,
आणि एकोणिसाच्या पुढे, आमेन.

तिसरा मजला, खोली चौदा. मी वाचलं.
दारापाशी तिचे पाय थांबले. खरंच थांबले.
ब्लँकेटची पिन तिनं काढली, लावली, पुन्हा काढली,
बोटाला टोचून घेतली,
आणि आत गेली.

'अर्ज?' साहेबानं मान वर केली नाही.
तिनं दोर टेबलावर सोडला.
फायलींवर, फोनवर, चहाच्या कपाभोवती,
दोर संपेचना. माती सांडत राहिली.
'वाचा,' ती म्हणाली. 'वरच्या टोकापासून.'

त्यानं एक गाठ उचलली,
अंगठ्यानं चाचपली,
कुठलं तरी गाव त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलं.
मग तो पुन्हा साहेब झाला:
कागद लिहून द्या.
हे जोडपत्र म्हणून इथेच ठेवावं लागेल.

इथेच.
आणि उद्या सकाळी बेचाळीस घरं बादल्या घेऊन येतील.
मी मानेनं नको म्हटलं.
तिनं ते पाहिलं,
आणि अंगठा शाईवर टेकवला.

जिन्यात मी पावती वाचून दाखवली: दोर, नग एक.
'गाठी लिहिल्यात का?'
नव्हत्या.
ती परत वर गेली. या वेळी पिनेला हात लावला नाही.

रात्री गावात कुणी विचारलं नाही काय झालं.
विचारलं, दोर कुठाय?
म्हातारा रामोहापी तर शिव्याच घालत राहिला.
मावशी गोठ्यात गेली, घोड्याचा दोर सोडून आणला.
कमी पडला.
रामोहापी शिव्या देत देतच घरी गेला
आणि बैलांचे कासरे घेऊन आला.

उत्तर अजून आलेलं नाही.
पावती तिच्या बायबलात आहे, कुठल्या पानात ते मला माहीत आहे.
आणि घोडा?
त्या रात्री तो मोकळाच होता.
सकाळी पाहिलं तर
खुंट्यापाशीच उभा, दवानं भिजलेला.