पट्टी

रत्नदुर्गाच्या बुरुजावर आम्ही दोघं, मी आणि मुबीन,
ट्रायपॉडच्या एका पायाखाली चिऱ्याचा तुकडा,
आणि खाली मिरकरवाड्याचा धक्का.
सकाळचे नऊ. अकरा मिनिटं सलग घेतलं,
मधे मुबीनला एकदा शिंक आली तेवढंच.

नगरपरिषदेला दीड मिनिटाची फिल्म हवी होती.
'शहर कसं खेळण्यातलं दिसलं पाहिजे,' साहेब म्हणाले.
त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा परदेशी गावाची पाहिली होती.

कृती सोपी आहे.
वरचा भाग धूसर करायचा, खालचाही,
मधे एक पट्टी ठेवायची, बोटभर, धारदार.
डोळा फसतो. त्याला वाटतं,
एवढंच नीट दिसतंय म्हणजे वस्तू नाकाजवळ आहे,
आणि एवढ्या जवळ असून मावतेय म्हणजे लहान आहे.
मग रंग चढवायचे,
सावंतवाडीच्या लाकडी आंब्यांवर लाख चढवतात तसे,
आणि दर सात फ्रेमांतल्या सहा टाकून द्यायच्या,
की माणसं चालायची सोडून
टुकटुक सरकायला लागतात,
गणपतीच्या देखाव्यात मोटरवरची सरकतात तशी.

रात्री दोनला स्टुडिओत ते पहिल्यांदा चाललं
आणि मी एकटाच हसलो.
ट्रॉलर काडेपेटीएवढे. बर्फाची लादी म्हणजे खडीसाखर.
टेम्पो मागे आला, थांबला, पाट्या गिळून पळाला.
लहानपणी दिवाळीला किल्ला करायचो
तेव्हा मावळा दरवाज्यापेक्षा उंच व्हायचा,
आत जाणार कसा, हे कुणी विचारायचं नाही.
इथे सगळं मापात.
कचऱ्याचा ढीग वरच्या धुक्यात गेला,
अर्धवट बंधारा खालच्या.
वास तर आधीच गेला होता.

फक्त पट्टीच्या मधोमध एक जण हलत नव्हती.

जांभळी ओढणी, पायाशी निळा क्रेट,
कपाळावर आडवा हात.
मला वाटलं फाइल अडकली. पुन्हा चालवलं.
तिच्या बाजूने कुत्रा गेला, बादली गेली, एक छत्री उलटून सरळ झाली.
ती तशीच.
मोठं करत गेलो, चेहऱ्याचे चौकोन होईपर्यंत.
ती माझ्याकडे बघत होती.

अकरा मिनिटं.

सकाळी मुबीनला दाखवली.
'ही खैरुनचाची. तिसऱ्या छत्रीखाली बसते.'
गेलो. ती मुशी कापत होती, वर न बघता म्हणाली,
'तुम्हीच ना ते, काल गडावर?
तीन पायांचं यंत्र लावून. मापं घेत होतात?
मागल्या खेपेला असंच दोघांनी वरून बघितलं,
आठव्या दिवशी आमची छपरं काढली.'

नाही चाची, फिल्म. जाहिरातीची.

'असेल,' ती म्हणाली, आणि मुशीचं डोकं वेगळं केलं.
मग जरा वेळाने, 'पण काय रे, केवढेसे दिसत होतात वर!
म्हटलं चिमटीत उचलावे नि टाकावे क्रेटमध्ये.'
मुबीन खो खो हसला. मी थोडा उशिरा.

साहेबांना फिल्म आवडली. दोनदा पाहिली.
'ती एक बाई तेवढी काढता येईल का?
हलत नाही. खोटी वाटते.'

पट्टी दोन बोटं खाली घेतली.
ती धुक्यात गेली, ओढणीचा जांभळा
शेजारच्या होडीत थोडा सांडला, बस्स.
बिल पास झालं.
मूळची अकरा मिनिटं माझ्याकडे आहेत, शिंकेसकट.

त्या दिवशी तिच्याकडून दोनशेचे बांगडे घेतले होते.
मोजून झाल्यावर तिने एक वर टाकला.
मारुती मंदिरापर्यंत पिशवी
बोटांना रुतत होती.