अर्धा पियाला

गुलसुन, बस.
कोट काढला नाहीस तरी चालेल, पण बस.
तुझी सून परवा नारिनहून बाळ घेऊन आली, कळलं मला.
मेंढी कापलीत, गल्लीभर वाटलीत, चांगलं केलंत.
मी विचारतेय ते निराळं आहे:
रात्री ती झोपते का?
म्हणजे बाळ झोपल्यावरसुद्धा
ती झोपते का?

आमच्या आयजार्किनने पाहुण्यांना चहा ओतला तो दिवस बघ.
आपल्यात पियाला अर्धाच भरतात,
गरम राहावा, पुन्हा मागावा, माणूस उठू नये म्हणून.
तिने काठोकाठ भरला
आणि ओततच राहिली,
दस्तरखानावरून थेट उलारबेकच्या मामाच्या गुडघ्यावर.
भरलेला पियाला म्हणजे, आता निघा.
चुलीपाशी नेऊन मी तिला जे बोलले
ते अजून सांगवत नाही.

बाराव्या दिवशी ती म्हणाली,
आई, पाळण्यातलं बाळ कुणीतरी बदललंय.
मी म्हटलं, थकलीस.
मग म्हटलं, सोंगं.
मग रात्री, दार लावून, नवऱ्याच्या कानात: आल्बार्स्ती.
तीच ती, पिवळ्या केसांची,
बाळंतिणीचं काळीज घेऊन पाण्याकडे पळणारी.
मी सुनेच्या उशीखाली सुरी ठेवली,
माझ्या सासूने माझ्या ठेवली होती तशी.

सुरी, गुलसुन.
जिला स्वतःच्या हातांची भीती वाटत होती
तिच्या उशीखाली.

नर्स झिपारा आली तिने आधी ती बाहेर काढली,
पदराला पुसावी तशी एप्रनला पुसली,
म्हणाली, हिने पाव कापा.
ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
त्याच दुपारी गाडी निघाली शहराकडे.
डोलोन घाटात बर्फ होता,
मी मागे बसून तिचा हात धरला होता,
तो माझा हात धरत नव्हता.

बुधवारी झिपाराने आम्हाला बोलावलं, घरातल्या सगळ्यांना.
दवाखान्याची एकच खोली, शाळेतून आणलेले बाक,
पुरुषांचे गुडघे छातीशी, टोप्या मांडीवर.
ती म्हणाली, रात्री कोण उठतं तुमच्यात?
कोळसा तेवढा बोलत होता शेगडीत.
मग तिने सांगितलं. आजार आहे हा, तापासारखा,
वाईट आई असल्याची शिक्षा नव्हे.
गोळ्या आहेत, डॉक्टर आहेत.
घरी आली की तिला एकटी सोडू नका, बाळासोबत तर नाहीच.
"आम्ही नाही का वाढवली पोरं" हे वाक्य
तुमच्याकडे असेल, तर गिळून टाका.
उलारबेक गुरांच्या औषधाच्या पावतीमागे लिहीत होता.
आणि आमचे हे, चाळीस वर्षांत किटलीला हात न लावलेले,
उठून उभे राहिले शाळकरी पोरासारखे:
बाटलीतलं दूध किती कोमट हवं?

मी काहीच विचारलं नाही.
मला आठवत होते माझे बूट.
थोरला पोटाशी, नदीचं पाणी घोट्यापर्यंत,
आणि सासू काठावरून हाका मारतेय, माझ्या नावाने नव्हे,
त्या पिवळ्या केसांच्या बाईला शिव्या देत.
मला घरी आणलं. बूट चुलीजवळ वाळवले.
पुन्हा कुणी, कधीच, काही बोललं नाही.
थोरल्याला आता पन्नाशी येईल. त्यालाही नाही माहीत.
तुला पहिल्यांदा सांगतेय.

नातवाचे चाळीस चमचे पाणी
चाळिसाव्या दिवशी झालं नाही. त्र्याहत्तराव्या झालं.
एकोणतीस मी घातले.
मग ती म्हणाली, द्या इकडे.
अकरा.
मोजले मी.

बरी आहे. म्हणजे, बहुतेक दिवस.
एखाद्या सकाळी खिडकीशी तिचा हात थांबतो,
मी विचारते, कसं वाटतंय.
कधी सांगते, कधी म्हणते, आज नको.
तेही सांगणंच झालं.

हा घे. अर्धाच भरलाय, पुन्हा माग.
आणि संपला की दोघी तुझ्या घरी जाऊ.
तू बाळ घे.
मी तिच्यापाशी बसते.
सुरी ठेवली असशील
तर आत्ताच सांग.