बरड

शनिवारी रात्रीच टायरातली थोडी हवा काढून ठेवतो.
मुरमावर फुगलेलं चाक टिकत नाही,
हे हेमराजचंच शिकवणं.

पहाटे तळेगाव मागे पडतं.
सागाची वाळली पानं चाकाखाली एवढी वाजतात
की वाटावं, मागून कोणी येतंय.
कोणी येत नाही.
हेमराज यायचा; त्याच्या गुडघ्याला आता
वर्ध्याचा डॉक्टर नको म्हणतो.

बरडाच्या अर्ध्यात उतरावंच लागतं.
सायकल खांद्यावर, दांडा मानेत रुतलेला,
पेडल बरगडीला ढुशा देतं.

मोहाखाली टोपली घेऊन वाकलेली सयत्रा कुमरे
सरळ होते, पाहते:
"काहून बाप्पा, आज तिचा नंबर का
तुमच्यावर बसाचा?"

हसायलाही दम उरलेला नाही.

वर तसं काहीच नाही.
शेंदूर फासलेला एक दगड, वारा,
खाली धरणाचं पाणी, ताटलीएवढं.

हेमराजला फोन लावतो. बोलत नाही,
मोबाइल नुसता वाऱ्याकडे धरतो.

बऱ्याच वेळानं तिकडून आवाज:
"उतरताना डाव्या वळणावर
ब्रेक हळू दाबजो.
तिथं मुरूम सुटा हाय."