सब्जा

आधी वाटलं, उष्णता.
शास्त्री रोडच्या अभ्यासिकेत, पत्र्याखाली,
एप्रिलभर बारा-बारा तास बसल्यावर होतेच.
मसुराएवढी एक जखम, कडा टणक.
दुखत नव्हती, खाजत नव्हती.
दुखली असती तर बरं झालं असतं.

मेसवाल्या काकूंना एवढंच म्हणालो, अंगात कडकी आहे.
म्हणाल्या, सब्जा भिजत घाल.
रात्रभर पाण्यात फुगलेले ते काळे डोळे
सकाळी घटाघटा गिळायचो,
आणि तीन आठवड्यांनी जखम गेली की खरंच.
मी राज्यघटनेच्या नोट्स पुन्हा उघडल्या.

जूनअखेर तळहातांवर ठिपके उठले,
तळपायांवरही, तांबूस,
कुणी मेंदी काढायला घेऊन अर्ध्यात उठून गेल्यासारखे.
मेडिकलवाल्या पोरानं न विचारता गोळ्यांची अर्धी पट्टी कापली.
स्वारगेटच्या मुतारीतली पिवळी जाहिरात म्हणाली,
शंभर टक्के खात्री, नाव गुप्त.
तिथंच गेलो असतो.
पण खिशातही कडकीच होती,
म्हणून सरकारी दवाखाना.

दारावर पाटी, सुरक्षा क्लिनिक.
आत मिनाज बागवान मॅडम, चष्मा दोरीला बांधलेला.
टोकन एकोणीस का? बस. नाव मागाहून.
का गेलास, कुणाकडं गेलास, असलं काही नाही.
कधी. कितीजण. निरोध होता का.
खिडकीबाहेर बघत मी उत्तरं दिली,
हुकलेला कट-ऑफ सांगावा तशी.

"सिफिलिस," म्हणाल्या. "आमचे नाना गरमी म्हणायचे.
म्हणून तर तुम्ही सगळे सब्जा पिऊन येता.
अरे, जखम आपोआप जाते, आजार नाही जात.
रक्तात उतरतो, वर्षं वर्षं गप्प बसतो,
मग डोळे, मेंदू, काळीज, कुठंही डोकं वर काढतो.
परमा निदान पुरुषाला जळजळून हाक तरी मारतो.
बाईला पुष्कळदा तेवढीही नाही,
मूल राहीना म्हणून तपासायला येते तेव्हा कळतं."
एचआयव्हीचं रक्त आज दे, तीन महिन्यांनी पुन्हा.
काविळीची लस घेतलीस? बी वाली?
मग खण उघडून लाकडी नमुना टेबलावर ठेवला,
हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला.
"आधी तारीख बघ. टोक चिमटीत धर, हवा काढ.
आणि पैशाच्या पाकिटात ठेवू नको महिनोन्महिने,
त्यावर बसून बसून तुम्हीच त्याला मारता."

दोन कुल्ल्यांना दोन इंजेक्शनं, दुधासारखी घट्ट.
दोन दिवस अभ्यासिकेत तिरका बसलो.
मागच्या बाकावरच्या रणखांबेनं मूळव्याधीचं मलम आणून दिलं,
मी ते घेतलंही.

"आणि तेजलला सांग," मॅडम म्हणाल्या होत्या.
झेड ब्रिजवर ओळीनं गाड्या, गाड्यांवर जोडपी,
खाली मुठा काळी, जागच्या जागी.
पाठ करून गेलो होतो, मुद्द्यांसकट.
एकच वाक्य बाहेर आलं, तेही मोडकं.
ती रडली नाही.
काढलेलं हेल्मेट परत घातलं, काच खाली केली,
काचेमागून विचारलं, "दवाखाना कितीला उघडतो?"

तिचा रिपोर्ट कोरा आला.
मॅडम म्हणाल्या, इतक्यात दिसत नसेलही, इंजेक्शन घ्यायचंच.
मी बाहेर बाकावर.
आतून तिचं "आई गं", दोनदा.
ती बसनं गेली.
त्यानंतर तिचा एकच मेसेज, ऑगस्टमध्ये,
दुसऱ्या तपासणीच्या कागदाचा फोटो.
खाली काही लिहिलेलं नव्हतं.

ऑक्टोबर तापलाय. मी पुन्हा त्याच बाकावर,
रक्तातला आकडा उतरलाय का बघायला.
शेजारी एक पोरगा, हात खिशात कोंबलेले,
मांडीवर पाण्याची बाटली,
तळाशी काळे फुगलेले दाणे.
टोकन विचारलं. चोवीस.
सरकून जागा केली त्याला.
म्हटलं, बस. नाव मागाहून विचारतात.