डबल बेल

एकतीस वर्षं मी एकच वाक्य बोललो:
पुढे सरका, पुढे जागा आहे.
जागा नसायची.
लोक सरकायचे.

रिटायर झालो तेव्हा
सोसायटीतल्या नातू मॅडम म्हणाल्या,
काका, तुमचा आवाज हवाय. तासाला दीडशे रुपये.
आवाजाला भाव असतो
हे मला जन्मभर बिबवेवाडीत राहून कळलं नव्हतं.

कॉलेजच्या तळघरात एक सायकल आहे.
तिला चाकं नाहीत, ती कुठे जात नाही,
पण घाम खरा.
मुलं येतात. नाकावर मुखवटा, छातीला वायरी,
पाय थांबेपर्यंत मारत राहायचं.
पहिल्या दिवशी शांतता.
दुसऱ्या दिवशी कानात गाणं, मिनिटाला एकशेतीस ठोके.
तिसऱ्या दिवशी मी.

माझ्या हातात कार्ड:
छान चाललंय. सोडू नकोस. अजून थोडं.
दर वीस सेकंदांनी, एकाच पट्टीत.
नाव घ्यायचं नाही, हसायचं नाही.
जास्त जीव ओतू नका काका, मॅडम म्हणाल्या,
मग मोजता येत नाही.

खरं सांगतो, पहिला आठवडा जीभ वळेना.
आमच्यात ‘छान’ कोण कुणाला म्हणतं?
गणितात ऐंशी पडले तेव्हा वडील म्हणाले,
बरंय. वीस कुठे सांडले?
बायकोच्या आमटीला मी चाळीस वर्षं
‘चालेल’ म्हणतोय.

रेणुका दारवटकर. वेल्ह्याची. कबड्डी खेळते.
शांततेत अकरा मिनिटं दहा सेकंद.
गाण्यावर बारा चाळीस
(गाणं तिला आवडलं नव्हतं म्हणे,
पायांनी तिला विचारलं नाही).
तिसऱ्या दिवशी बारावं मिनिट सुरू झालं
आणि तिची मान खाली गेली.
पडद्यावर सत्तर, मग साठ, मग पंचावन्न.
मी कार्ड वाचलं: छान चाललंय.
छान काहीच चाललं नव्हतं.
तिला ते ठाऊक होतं, मलाही,
आणि सायकलला तर होतंच.

खिशातला पंच हातात कधी आला कळलं नाही,
डेपोत परत करायचा राहून गेलेला.
लोखंडी दांडीवर टक टक, टक टक,
ओ ताई, पुढे सरका!
धायरी फाटा लांब आहे अजून,
चढ संपला की बसायला मिळेल,
चला, चला, दारात थांबू नका!

मुखवट्याआड ती हसली,
प्लास्टिक धुरकटलं.
चौदा मिनिटं पाच सेकंद.

नातू मॅडमनी पट्टी लावून रेघ मारली.
शब्द आणि ठेका एकत्र झाले, काका.
ही नोंद बाद.
त्यांचं बरोबरच आहे.
मीसुद्धा बिनतिकिटाचा माणूस
पुढच्या स्टॉपला उतरवलाच असता,
कितीही गोड बोलला तरी.

रात्री जेवताना म्हणालो,
आमटी छान झालीय.
ती चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.
म्हणाली, काय हवंय?

झोप येईना. कात्रजचा घाट आठवत होता.
शिंदेवाडीची शेवटची गाडी, उभे धरून नव्वद जण,
इंजिन धापा टाकतंय,
आणि आमचा ड्रायव्हर गुलाब मुजावर
स्टिअरिंगवर थोपटत, ओठातल्या ओठात
गाडीशी बोलतोय:
चल गं म्हातारे, आलंच, हे काय, आलंच.
मी मागून डबल बेल द्यायचो,
गरज नसताना.

गाडी चढायची.
न बोलता चढली असती का,
ते तपासायला दुसरी गाडी लागते,
तसंच वजन, तसाच चढ,
आणि गप्प बसणारा मुजावर.
ती शेवटची गाडी होती.
नव्वद जणांना घरी जायचं होतं.