रविवारची बॅग

सोलापूर स्टेशन, फलाट एक.
एप्रिलचा रविवार, दुपारचे पावणेदोन,
बाकाचं लोखंड तव्यासारखं.
गाडी आली. हानेलोरे आली नाही.
तिची बॅग मात्र आली,
निळी, चार चाकांची,
हँडलला ओळखीसाठी बांधलेली हिरवी फीत.
माझ्या हातातला नावाचा पुठ्ठा वाचून
एका काकांनी दारातूनच ती खाली दिली :
"मॅडम कुर्डुवाडीला चहाला उतरल्या.
गाडी हलली, मी हाका मारल्या,
पण त्या कपाचा फोटो काढत होत्या."

मी बॅग शेजारी बसवून घेतली.
एकाने विचारलं, इथं कुणी आहे का?
म्हटलं, पाहुण्या आहेत.

तसं हे मला नवीन नाही.
वुपरटालच्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात
मी एका गाडीत बसले होते
जी हाम नावाच्या स्टेशनात मधोमध दोन होते.
पुढचे डबे एकीकडे, मागचे भलतीकडे.
तसं ते तीनदा सांगतात, जर्मनमध्ये,
आणि मला तेव्हा जर्मनमध्ये
फक्त बटाट्याचा भाव विचारता यायचा.
रात्री साडेअकराला ड्युसेलडॉर्फ.
साठ युरो दंड, फोन मेलेला,
आणि पाठ असलेला एकच नंबर : शेजारणीचा.
कारण तो माझ्या दारावरच्या प्रत्येक चिठ्ठीखाली असायचा.

पिवळा डबा मंगळवारी बाहेर ठेवावा.
जिन्यात सायकल नको.
रविवारी ठोकू नये.

ही तिसरी माझ्या खलबत्त्यासाठी.
शेंगाची चटणी मिक्सरला लावली
की तेल सुटत नाही, नुसती भुकटी होते,
हे मी तिला कुठल्या भाषेत सांगणार होते?
घरात आमच्या तेलुगू, गल्लीत मराठी,
भांडायला थोडी कानडी.
तिच्या दारात उभी राहिले की तिन्ही गायब.

ती आली पन्नास मिनिटांत,
नाइटगाउनवर कोट चढवून.
वाटभर बोलली नाही.
उतरताना एवढंच :
"डब्यावरची पाटी वाचत जा."
मग कॉफीला बोलावलं.
उद्या नव्हे, परवा नव्हे,
तीन आठवड्यांनी, गुरुवारी, चारला.
मी चार वाजून दहा मिनिटांनी गेले
तर तिची पिऊन झालेली,
माझ्या कपावर बशी झाकलेली.
मी नेलेला टॉवेल तिने उलटा केला,
काठ बोटांनी चाचपला,
ओठ हलवत धागे मोजले.
तिचे वडील फितीच्या कारखान्यात होते.
माझे, म्हटलं, अशोक चौकात मागावर.
त्या दिवशी तिने मला दुसरा कप दिला.
चिठ्ठ्या नंतरही यायच्या,
पण खाली नंबर नसायचा.
नुसतं नाव.

फोन वाजला. अनोळखी नंबर.
"अंबुजाताई का? मी पंचफुला खताळ,
कुर्डुवाडीहून, रेल्वे क्वार्टरमधनं.
ती तुमची गोरी मावशी आमच्याकडं हाय.
वहीत तुमचा नंबर सापडला.
काळजी करू नगा, जेवायला बसवलीया."
म्हटलं, पुढच्या गाडीनं पाठवता का?
"आता कुठली गाडी! ऊन तरी उतरू द्या.
आन् सासूबाई म्हणत्यात, मुक्कामाला राहू दे."
म्हटलं, तिला तिखट सोसत नाही.
"डोळ्यातनं पाणी काढत खातीया की."

मागून आवाज येत होता,
धप्, धप्, मध्ये थांबून, मग पुन्हा धप्.
कोण ठोकतंय?
"तीच की! बत्ता हातातला सोडंना झालीया."

मी घड्याळात पाहिलं. अडीच.
निळ्या बॅगेची फीत सैल झाली होती,
ती पुन्हा बांधली.
आज वार कोणता आहे
हे तिला कुणी सांगू नका, म्हटलं.
पंचफुलाला काही कळलं नाही.
"काय सांगू नगं?" ती ओरडून विचारत राहिली,
त्या ठोकण्यात तिला माझं ऐकूच येत नव्हतं.