काळं बटण

कोटाच्या डाव्या कॉलरवर
एक काळं बटण, कापडात मढवलेलं.
डिझायनरनं बोट ठेवून दाखवलं : इथे.
अडतीस कोट, अडतीस बटणं,
आणि मी शुक्रवारपासून त्याच स्टुलावर.

मिलानच्या या बंद पडलेल्या ट्राम-डेपोत
त्यानं आमचं बेट ट्रकमधून आणून ओतलंय.
चालायच्या वाटेवर मीठ. खरं, त्रापानीच्या मिठागरांतलं.
लिंबाची दोन झाडं, लिंबं तारेनं बांधलेली.
मखमली बंड्या, ढगळ पाटलोणी,
आणि सपाट टोप्या, इतक्या मऊ
की असल्या टोपीनं माझ्या बापाला
कोंबडीसुद्धा हाकलता आली नसती.

काम चोख आहे. उगीच नावं कशाला ठेवू.
बंडीच्या पाठीची शिवण बघून
मीही दोनदा हात फिरवला.

पण बटण.
मिनेओत आजा गेला तेव्हा बापानं ते लावलं.
दंडावरची काळी पट्टी संत्री तोडताना काट्यात अडकायची,
म्हणून बटण.
दर शनिवारी आई ते कापून काढायची, कोट झटकायची,
रविवारच्या प्रार्थनेआधी पुन्हा लावायची.
वर्षभर.
सुई धरायला मी तिथे शिकले, आग्रिप्पिना, वय वर्षं सात.
सुतक फिटलं की बटण डब्यात.
डब्यात ते फार दिवस कधी राहिलं नाही.

"याला अर्थ असतो," मी डिझायनरला म्हटलं.
"म्हणूनच तर!" तो म्हणाला,
आणि फोन आला म्हणून वळला.

पोरं उंच, कोवळी. कुणी पोलंडचा, कुणी डाकारचा.
चेहऱ्यावर दुःख ठेवा, असं त्यांना सांगितलंय.
किती, ते सांगितलेलं नाही.

तेविसावा वजदी. बाप ट्यूनिशियाचा, जन्म माझाराचा.
आरशात बघत आमच्या बोलीत म्हणाला,
"मावशी, हे तर आमच्या गल्लीतले म्हातारे लावायचे."
मी दोरा दातानं तोडला.
"तुझं कोण गेलं?"
"बाबा. मार्चमध्ये. बोटीवर."
बाहेर ढोल सुरू झाला होता.

बाकीची सदतीस मी नुसती टाचली होती,
हिसक्यासरशी निघतील अशी.
याचं कापलं. दुहेरी दोरा ओवला,
बुडाशी चार वेढे दिले, मागून गाठ.
कुणीतरी नंबर ओरडत होतं. ओरडू दिलं.

तो चालला. बाकीच्यांसारखाच चालला.
खरं सांगते, मला फरक दिसला नाही.

रात्री कोट हँगरवर गेले, मोजून.
वजदी आपल्या जाकिटात निघाला,
झिपचं, निळं, कॉलर नसलेलं.
डब्यातलं एक बटण मी पुढे केलं.
"याला लावायचं कुठे?" त्यानं विचारलं.
मी जाकीट उलटसुलट करून पाहिलं.
"खिशात ठेवलं तर चालतं का?"

मला माहीत नाही.
आमच्या गावात कुणी विचारलंच नव्हतं.